अर्धी माती फ्रीजमध्ये

आमच्या माती-तपासणी प्रयोगशाळेत चाळणमामांना खऱ्या नावानं ओळखणारं एकच होतं, हजेरीचं रजिस्टर. बाकी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांसाठी ते चाळणमामा. मागच्या दाराशी बुटकं स्टूल, मांडीवर जुना टॉवेल, हातात पितळी कडेची चाळणी आणि नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. चौतीस वर्षं ते तिथून हलले नाहीत. काम ऐकायला सोपं. शेतातून आलेली ओलसर माती बोटांनी हलकेच मोकळी करायची, मुळं-काड्या चिमट्यानं वेचायच्या आणि माती चाळणीतून खाली उतरवायची. घासायची नाही, दाबायची नाही. चाळताना एखादं गांडूळ सापडलं की त्याला बशीत ठेवून म्हणायचे, "जा बाबा, तुझी मोजणी दुसऱ्या खात्यात." मग उठून त्याला बाहेरच्या कुंडीत सोडून यायचे.

मी तिथली विश्लेषक. पदवी माझी, यंत्रं माझी, सही माझी. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. पाठीमागे मला 'कात्री' म्हणतात हे पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि खरं सांगू का, मला ते आवडलंही होतं. कुणाचं बोलणं लांबलं की मी मधेच कापायची. मामा माझ्याहून सात वर्षांनी मोठे, पण मला ताई म्हणायचे. पाहुणे आले की तेवढ्यापुरतं मॅडम. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे तर सुरुवातीलाच सांगून टाकते. त्या माणसाची बावीस वर्षांची मेहनत मी घालवली, आणि त्याहून वाईट ते नंतर केलं.

प्रयोगशाळेच्या मागे आठ पट्ट्या होत्या, शंभर पावलं लांब, पंधरा पावलं रुंद. सात पट्ट्यांवर निरनिराळी खतं, निरनिराळी नांगरट. आठवीवर नांगर फिरवायचा नाही. वर्षभर तिच्यावर पालापाचोळा, कुजलेलं खत, कापलेलं गवत अंथरायचं आणि तिला तिच्या चालीनं चालू द्यायचं, एवढाच प्रयोग. तो सुरू करणारे साहेब केव्हाच बदलून गेले आणि पट्टी मामांच्या गळ्यात पडली. गळ्यात पडलेलं काम माणूस ढकलत नेतो. मामांनी ते लेकीसारखं वाढवलं. आसपासच्या रस्त्यांवर झाडू मारणाऱ्यांना त्यांनी गोड बोलून पटवलं होतं, "पाला जाळू नका हो, मला आणून टाका." सुट्टीच्या दिवशीही हा माणूस पट्टीवर. त्यांची बायको, मामी, एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांनी मला कधी पांघरूण घातलं नाही. त्या मातीला घालतात."

आठवीत आम्ही काय मोजायचो ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माती म्हणजे नुसता भुगा नव्हे. चमचाभर चांगल्या मातीत डोळ्यांना न दिसणारे इतके जीव असतात की मोजायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. पडलेलं पान तेच खातात. खाल्लेलं आपल्या अंगात साठवून ठेवतात, म्हणून ते पावसाबरोबर वाहून जात नाही, आणि ते मेले की तोच साठा मुळांना मिळतो. मातीचे कण एकमेकांना धरून राहतात ते यांच्यामुळे, पाणी टिकतं तेही बऱ्याच अंशी यांच्यामुळेच. गवत, किडा, पाखरू, तुम्ही-आम्ही, सगळ्यांची चूल यांच्या जिवावर पेटते. मामा याला मातीचं पोट म्हणायचे. पोट चांगलं तर अंग चांगलं, असं त्यांचं साधं शास्त्र होतं.

या जिवांचं सगळं मिळून वजन किती, ते आम्ही काढायचो. पद्धत जरा निर्दयी आहे. एकाच मातीचे दोन वाटे करायचे. एक तसाच ठेवायचा. दुसरा काचेच्या झाकणबंद भांड्यात एक दिवस-रात्र क्लोरोफॉर्मच्या वाफेत ठेवायचा. त्यातले जीव मरतात, फुटतात आणि त्यांच्या अंगातला कार्बन मोकळा होतो. मग दोन्ही वाट्यांतला कार्बन मोजायचा. जितका फरक, तितके जीव. मामांना मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे ताई, किती जिवंत होते ते मारल्यावर कळतं. माणसांत तरी काय वेगळं आहे?"

यात एकच पथ्य. तोपर्यंत माती ओलसर आणि थंड राहिली पाहिजे. आधीच वाळवली तर जीव वाटे करायच्या आत मरतात. मग दोन्ही वाटे सारखेच मेलेले, फरक कुठून निघणार? आणि बाकीच्या सगळ्या तपासण्यांना माती नेमकी वाळवलेलीच लागते. बाहेरून शेकडो पिशव्या यायच्या, त्या सगळ्या तीन दिवस गरम कपाटात. पट्ट्यांच्या तेवढ्या नाहीत. घोटाळा होऊ नये म्हणून मामांनी रीत पाडली होती, जी पिशवी वाळवायची नाही तिला निळा दोरा. दोरा मामींच्या शिवणाच्या डब्यातला, आणि गाठ अशी की मामांशिवाय कुणाच्या बापाला सुटायची नाही. मी कात्रीनं कापायची. ते दर वेळी हळहळायचे, "अहो ताई, दोरा वाया घालवला ना!"

त्यांची दुसरी रीत म्हणजे आठवीची माती आणली की अर्धी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात राखून ठेवायची. "काही चुकलं-माकलं तर अर्धी आहे," म्हणायचे. चुकायचं काहीच नाही. वर्ष संपलं की ती अर्धी ते परत पट्टीवर नेऊन पसरायचे. आणि आठवीचा आकडा निघाला की मागच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारायचे, पोराची उंची मोजतात तशी. पहिली रेघ माझ्या गुडघ्याशी होती, एकविसावी खांद्याच्या वर. बऱ्याचदा तर आकडा निघायच्या आधीच मूठभर माती नाकाशी धरून सांगायचे, "यंदा वर आहे हं, ताई." आणि असायचा.

बाविसाव्या वर्षी नवे साहेब आले. त्यांना यंत्रं ठेवायला शेड हवी होती आणि शेडसाठी आठवीचीच जागा रस्त्याला लागून होती. वरच्या ऑफिसनं अट घातली की यंदा आठवीचा आकडा सातवीपेक्षा स्पष्ट वर आला तर पट्टी राहील, नाहीतर शेड. सगळे मामांकडे बघायला लागले. मामा मात्र निवांत. "आठवी कधी नापास झालीय का?" एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी आम्हाला कसलंसं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. मी नियमावली लिहिली. त्यात दोरे-बिरे बंद, सगळ्या पिशव्यांना छापील पांढरे स्टिकर.

मामा म्हणाले, "ताई, सगळे पांढरेच. लांबून ओळखायचं कसं?"

"लांबून कशाला? जवळ जाऊन वाचायचं. वाचता येतं ना सगळ्यांना?"

मामा चौथी शिकलेले. मी काय बोलून गेले ते माझ्या ध्यानातही आलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

सातवीची माती त्यांनी मंगळवारी आणली, ती नीट मोजून झाली. आकडा दोनशे दहा. आठवीची आणली गुरुवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मामा चार-पाच दिवस रजेवर जाणार होते. चार पिशव्या. प्रत्येकीतली अर्धी माती त्यांनी फ्रीजमध्ये ठेवली आणि उरलेल्या अर्ध्या स्टिकर लावून माझ्या टेबलावर.

"उद्या सकाळी पहिलं काम हेच हं, ताई."

"हो हो, जा तुम्ही. डोळे सांभाळा त्यांचे."

शुक्रवारी सकाळी अकराला प्रमाणपत्रवाले येणार होते. टेबलावर बाहेरून आलेल्या साठ पिशव्या अस्ताव्यस्त पडलेल्या. पसारा दिसला की माझं डोकं फिरतं. मी सगळं उचललं, ट्रेमध्ये पसरलं, कपाटात ढकललं, बटण दाबलं आणि रजिस्टरला लिहिलं, 'चौसष्ट पिशव्या'. साठ अधिक चार. एकही स्टिकर वाचला नाही. पाहुण्यांनी टेबलाचं कौतुक केलं.

सोमवारी सकाळी मी मीटिंगला गेले होते, तेव्हा शिपायानं कपाट रिकामं करून माती ज्या-त्या पिशवीत परत भरली आणि पिशव्या नंबरवार फळीवर लावल्या. दुपारी आठवीच्या चार पिशव्या समोर दिसल्या. पहिलं काम हेच करा म्हणून मामा सांगून गेले होते आणि मी तीन दिवस विसरले होते! त्या घाईत माती कोरडी का, हा प्रश्न आला तसा मी झटकून टाकला. महिनाभर पाऊस नव्हता, पट्टीच कोरडी पडली असेल. पद्धतीप्रमाणे पाणी घालून ओलावा मापाला आणला आणि काम सुरू केलं. आठवीचा आकडा आदल्या वर्षी पाचशे चाळीस होता. यंदा एकशे साठ निघाला. गुरुवारी मी तो साहेबांना देऊन टाकला.

मामा त्याच दिवशी कामावर आले. साहेबांच्या केबिनमध्ये मी उभी होते, तिथं ते विचारत आले. आकडा ऐकून आधी हसले, मी थट्टा करतेय असं वाटून. मग उरलेली माती मागितली. हातावर घेतली, नाकाशी नेली.

"ताई, ही माती तापलेली आहे."

"तापलेली म्हणजे?"

"ऊन लागल्यासारखी. मी ओली आणली होती. पाचोळ्याखालची माती महिनाभर पाऊस नसला तरी अशी होत नाही. अर्धी फ्रीजमध्ये आहे, पुन्हा लावा. तीन दिवसांचं तर काम."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आकड्याबद्दल काही शंका?"

'करून बघू की पुन्हा,' एवढे चार शब्द. जीभ झडली नसती माझी. पण बाहेर चार जण ऐकत होते, आणि मला चौथी शिकलेला माणूस माझं काम शिकवत होता, असं त्या क्षणी मला वाटलं. मी म्हणाले, "आकडा यंत्रानं दिलाय. आता काय नाकानं रिपोर्ट लिहायचा?"

साहेब खो खो हसले. त्यांना जागा हवी होती, फक्त निमित्त हवं होतं, ते मी ताटात वाढून दिलं. मामांनी हातातली माती पिशवीत परत ओतली, कण न् कण, आणि बाहेर गेले. पुढच्या बुधवारी खोदणारं यंत्र येणार असं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी आठवड्याचं रजिस्टर तपासायला घेतलं. चौसष्ट. बाहेरच्या पिशव्या तर साठच होत्या. उरलेल्या चार कुठल्या? मी मोजणीची वही ओढली. फरकाच्या रकान्यापलीकडे मी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. क्लोरोफॉर्म न दिलेल्या, तशाच ठेवलेल्या वाट्यात कार्बन नेहमीच्या अडीचपट होता. म्हणजे आठवीचे जीव आधीच, माझ्या कपाटात, मेले होते.

मी फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात चार पिशव्या ओळीनं बसलेल्या, स्टिकर आणि वर निळा दोरासुद्धा. माझा नियम मोडून बांधलेला. माती हाताला गार लागली, ओलसर. त्याच वेळी लावली असती तर सोमवारी आकडा हातात आला असता. मध्ये सुट्टी होती, पण किल्ली माझ्याकडेच असायची.

मी त्या पिशव्या परत आत ठेवल्या आणि फ्रीज बंद केला.

माझं नाव विभागप्रमुखासाठी गेलं होतं, प्रमाणपत्र अडलं असतं, साहेब चिडले असते, ही सगळी कारणं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितली. सगळी खोटी नव्हेत, पण खरं कारण त्याहून क्षुद्र होतं. मामांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. शनिवारी म्हटलं उद्या बघू. रविवारी म्हटलं सोमवारी साहेबांशीच बोलू. सोमवारी साहेब दौऱ्यावर. मंगळवारी म्हटलं, आता काय उपयोग. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ.

बुधवारी यंत्र आलं. पाचोळ्याचा थर बाजूला सारून त्यानं पहिला घास उचलला आणि त्या मातीचा वास पार वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांपर्यंत आला. काळी, भुसभुशीत, मुळांनी गुंफलेली माती. यंत्राचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून मूठभर घेऊन बघायला लागला. "काय माती आहे हो ही! शेड कशाला बांधताय इथं?" त्याला कोण काय सांगणार. मामा कडेला बादली घेऊन उभे होते. ट्रकमध्ये जाणाऱ्या ढिगातून त्यांनी तेवढी एक बादली भरून घेतली. मी खाली गेले. का गेले, देव जाणे. बहुतेक सांगायलाच गेले होते.

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, ती अर्धी लावून बघितली का हो?"

यंत्राचा आवाज चालू होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर हा माणूस इथंच कोसळेल. आता वाटतं, मला फक्त स्वतःला वाचवायचं होतं.

"लावली," मी म्हणाले. "तेवढीच आली."

आता त्यांनी बघितलं. "तेवढीच?"

"तेवढीच."

"बरं," ते म्हणाले. बादली उचलली आणि चालू लागले.

त्यानंतर मामा दोन वर्षं नोकरीत होते. काम तसंच, चोख. पण माती नाकाशी नेणं त्यांनी बंद केलं. चौकटीवर बाविसावी रेघ मारली नाही. मला मॅडम म्हणायला लागले, पाहुणे असोत नसोत. मी मनाशी म्हटलं, बिचाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला. बावीस वर्षं आपलं नाक आपल्याला फसवत होतं, असं वाटत असेल त्याला. आणि मला त्यांची कीव यायची! मी त्यांच्या स्टुलाच्या जागी गादीची खुर्ची आणून दिली, उत्तम कर्मचारी म्हणून त्यांचं नाव सुचवलं. खुर्ची त्यांनी भिंतीला लावून ठेवली आणि स्टुलावरच बसत राहिले. फ्रीजचा खालचा कप्पा मी या दोन वर्षांत एकदाही उघडला नाही. काही लागलं तर दुसऱ्याला सांगायची. मामा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हिंमत करून बघितलं, तर पिशव्या नव्हत्या. साफसफाईत गेल्या असतील म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. लिहितानाही लाज वाटते, पण टाकला.

विभागप्रमुख मी झाले. सात वर्षं नव्या मुलामुलींना शिकवलं की जिवांची मोजणी करायची माती कधी वाळवायची नाही. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात कपाट आवरायला काढलं तेव्हा सगळ्यात खालून ते रजिस्टर निघालं. मीच लपवलेलं. चौसष्ट पिशव्या, माझंच वळणदार अक्षर. फाडायचं की जमा करायचं? मी ते पिशवीत घातलं आणि मामांच्या घरी गेले.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे छोटं फरशीचं अंगण. दार मामींनी उघडलं. मी विचारलं, "डोळा बरा आहे ना आता?"

"अगंबाई! नऊ वर्षांनी विचारताय? आता दुसऱ्याचंही झालं," म्हणून त्या हसत आत गेल्या.

मामा अंगणात कुंड्यांपाशी बसले होते. चष्मा तसाच घसरलेला. मी समोरच्या पायरीवर बसले, रजिस्टर काढलं, आणि एका दमात सगळं सांगितलं. कपाट, चौसष्ट, अडीचपट कार्बन, शुक्रवारची संध्याकाळ. फ्रीज उघडून परत बंद केला, तेही. रडायला येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. "मामा, तुमची आठवी नापास झाली नव्हती," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

त्यांनी रजिस्टर हातातही घेतलं नाही. "कपाटात गेली हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं की. तापलेली माती आहे म्हटलं होतं."

"पण मी पुन्हा लावली म्हणाले, ते—"

"थांबा," म्हणाले आणि आत गेले. परत आले तेव्हा हातात एक पिशवी होती. स्टिकर पिवळा पडलेला, दोरा रंग उडून राखाडी झालेला. आतली माती दगडासारखी घट्ट.

"तुम्ही 'लावली' म्हणालात, त्याच संध्याकाळी मी फ्रीज उघडला," मामा म्हणाले. "गाठ माझी आहे. तुम्हाला कधी सुटलीय का ती? तुम्ही कापता. चारही दोरे शाबूत होते."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. मग म्हटलं, येतील ताई स्वतःहून. शिकलेली बाई आहे. चूक काय, सगळ्यांची होते. आज येतील, उद्या येतील. तुमच्या डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून दोन वर्षं पिशव्या तिथंच ठेवल्या. जाताना घेऊन आलो. तीन या कुंड्यांत ओतल्या. एक ठेवली."

"मला वाटत होतं, तुमचा स्वतःवरचा विश्वास उडाला. तुम्ही वास घेणं सोडलंत—"

"कुठं सोडलं? घरी रोज घेतो." त्यांनी बाजूच्या कुंडीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं. "तिथं सांगणं सोडलं. सांगायचं कुणाला?"

नऊ वर्षं मी या माणसाची कीव करत होते. झाकली मूठ माझी आहे असं समजून चालले होते, आणि तिच्यात काय आहे ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज सकाळी मला 'नमस्कार मॅडम' म्हणताना माहीत होतं.

"हे रजिस्टर ऑफिसात द्या," ते म्हणाले. "खोटं तिथं लिहिलंय ना, मग खरंही तिथंच लिहा. मला दाखवून काय करायचंय?"

दिलं मी नंतर. खालच्या रिकाम्या जागेत सगळं लिहून, सही करून दिलं. नवीन साहेबांनी ते वाचून ठेवून दिलं. शेड आहे तिथंच आहे.

पण त्या दिवशी अंगणात मामांनी ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी खुळ्यासारखं विचारलं, "अजून काही निघेल का यातून?"

"आता काय निघणार? नऊ वर्षं झाली. मरायचे ते मेले," मामा म्हणाले. "सोडून तर बघा."

मी नखानं गाठ उकरायला लागले. दोरा कडक झाला होता, टोक सापडत नव्हतं. मामींनी चहा आणून ठेवला, तो निवला. माझं एक नख तुटलं. मामा झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालत होते, मधूनच माझ्या हातांकडे बघत होते.

"अहो, द्या की सोडून त्यांना," मामी म्हणाल्या. "नाहीतर थांबा, मी कात्री आणते."

"नको," मामा म्हणाले. "मॅडमचं मॅडमना करू दे."

आणि ते दुसऱ्या कुंडीकडे वळले. मी अजून टोक शोधत होते.